रणात उतरण्याआधी

कच्छच्या रणात फोटो काढायला जाणाऱ्या मंडळींनी घर सोडण्याआधीच एक गोष्ट पक्की करावी: गाडी डांबरावरून खाली घालायची नाही. कॅमेरा, लेन्स, मुक्काम, जेवण या सगळ्याची चर्चा होते, पायाखालच्या जमिनीची होत नाही. म्हणून तिचंच आधी सांगतो.

वसईकडच्या चांदीप आणि आसपासच्या गावांतले आम्ही मित्र, बायकामुलांसह दोन गाड्या करून निघालो होतो. शिरसाड फाट्याला अहमदाबाद महामार्ग धरला की वापी, सुरत, बडोदा, अहमदाबाद. तिथून विरमगाम, हळवद, माळिया करत सुरजबारीचा पूल ओलांडला की कच्छ लागतं. खावड्याहून धोलावीरेकडे जाणारा नवा रस्ता रणाच्या मधून काढलेला आहे. तीसेक किलोमीटर दोन्ही बाजूंना फक्त आभाळ आणि मीठ. ऊन कलायला लागलं, मिठावर तांबूस झाक आली आणि सगळ्यांना तिथेच थांबायचं होतं. मागून येणाऱ्या गाड्यांना अडचण नको म्हणून आमच्यातल्या एकाने गाडी बाजूच्या पांढऱ्या सपाटीवर घेतली. वरचा थर पापडासारखा मोडला आणि पुढची दोन्ही चाकं काळ्या चिखलात गेली. बाहेर काढायला जितका जोर दिला तितकी गाडी आणखी रुतली. जवळच्या गावातून ट्रॅक्टर येईपर्यंत अंधार पडला होता, वारा बोचत होता, मुलं कुडकुडत होती आणि मोबाइलला धड रेंज नव्हती. कुणाला इजा झाली नाही. संध्याकाळ मात्र सगळ्यांचीच गेली.

असं का होतं, हे समजून घेतलं तर मोह आवरतो. रण समुद्रसपाटीपेक्षा फारसं उंच नाही. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा खाड्यांमधून समुद्राचं पाणी आत लोटतो, त्यात नद्यांचं आणि पावसाचं पाणी मिसळतं. पुढे वरचं पाणी उन्हाने आटून मिठाची साय धरते, पण खालची चिकण माती पाणी सोडत नाही. ही साय कुठे हत्ती पेलेल, कुठे माणूसही नाही. वरून दोन्ही सारख्याच पांढऱ्या दिसतात. जिथे लोक रोज चालतात तिथेच चाला. दूरवर एकटं भटकू नका. खुणेला झाड नाही, घर नाही, आणि दुपारी मृगजळामुळे अंतराचा अंदाज साफ चुकतो.

कोणत्या महिन्यात जाता यावरही बरंच अवलंबून आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुष्कळ ठिकाणी पाणी असतं, तेव्हा आभाळाचं प्रतिबिंब सुंदर मिळतं, पण पांढरं रण दिसत नाही. त्यासाठी डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ धरा. पाऊस लांबलेल्या वर्षी रणही उशिरा सुकतं, म्हणून निघण्याआधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून विचारा.

आता प्रकाशाविषयी. भर दुपारी रणात सावलीच नसते, त्यामुळे मिठाच्या भेगांचे षटकोन, लाटांसारखे उंचवटे फोटोत सपाट होऊन जातात. ते उठून दिसतात सूर्य क्षितिजाजवळ असताना, म्हणजे सकाळ-संध्याकाळ मिळून तासा-दोन तासांचा खेळ. कच्छ आपल्यापेक्षा पश्चिमेला आहे, त्यामुळे तिथे सूर्य उशिरा उगवतो. जानेवारीत भुजला सूर्योदय सव्वासातनंतर होतो. भुज ते पांढऱ्या रणाच्या तोंडावरचं धोरडो हे अंतर ऐंशीएक किलोमीटर. भुजला मुक्काम करून पहाटेचा प्रकाश गाठायचा म्हणजे सगळ्या घराला अंधारात उठवणं आलं. त्यापेक्षा होडका, धोरडो किंवा धोलावीरेला राहा.

गटाने जाताना खरी ओढाताण इथेच होते. फोटो काढणाऱ्याला 'दहा मिनिटं' हवी असतात, बाकीच्यांना चहा हवा असतो. निघण्यापूर्वी एकत्र बसून कागदावर लिहा: या दोन वेळा प्रकाशाच्या, त्यात जेवण, खरेदी, प्रवास काही नाही, उरलेला दिवस सगळ्यांचा. गाडी चालवणाऱ्याने त्या वेळेत फोटो काढायचे नाहीत, म्हणजे 'गाडी इथेच लावू' हा निर्णय घाईत होत नाही. टाकी भुजलाच भरून घ्या. पाणी, दोर आणि गरम कपडे हाताशी असू द्या.

कॅमेऱ्याची एक सवय आधी मोडावी लागते. समोरचं दृश्य मध्यम करडं आहे असं धरून तो प्रकाश मोजतो, त्यामुळे मीठ मळकट राखाडी येतं. एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवा आणि हिस्टोग्राम उजव्या कडेला आदळत नाही ना, ते पाहा. मोबाइलवरही बोट ठेवून प्रकाश वाढवता येतो. सरावाला कच्छपर्यंत जायला नको. आपल्या वसईत नायगाव-जूचंद्रकडे मिठागरं आहेत. हंगामात तिथे परवानगी घेऊन एक सकाळ काढा; पांढऱ्यावर पांढरं कसं टिपायचं, ते हाताला कळेल. रणात आणखी एक करा: कॅमेरा जमिनीलगत न्या आणि दूर कुठेतरी माणूस येऊ द्या. त्याच्याशिवाय त्या पसाऱ्याची भव्यता फोटोत येत नाही.

मीठ हा कॅमेऱ्याचा वैरी. उघड्यावर लेन्स बदलू नका, बॅग मिठावर ठेवू नका. लेन्सवर आधी ब्लोअर मारा, मगच कापड फिरवा. ट्रायपॉडचे पाय त्याच रात्री गोड्या पाण्याने पुसून काढा.

पांढऱ्या रणाच्या वाटेवर भिरंडियाराला परवाना घ्यावा लागतो. ओळखपत्रांच्या प्रती सगळ्यांच्या ठेवा. हा सीमेचा भाग आहे. लष्करी ठाणी, पूल, जवान यांचे फोटो काढू नका, आणि ड्रोन परवानगीशिवाय बॅगेतूनही काढू नका.

परतताना छोट्या रणात, बजाणा-दसाड्याच्या बाजूला, जरूर थांबा. घुडखरांसाठी, म्हणजे रानगाढवांसाठी, 1973 मध्ये राखलेलं हे अभयारण्य जवळपास पाच हजार चौरस किलोमीटरचं आहे. जनावराच्या मागे जीप पळवायला सांगू नका. शांत थांबलात तर कळप स्वतःहून चांगलं चित्र देतो. तिथेच अगरिया कुटुंबं पावसाळा सरल्यावर येऊन राहतात, जमिनीखालचं खारं पाणी उपसून मीठ पिकवतात. उन्हात भेगाळलेले त्यांचे हातपाय 'फ्रेम' म्हणून टिपण्याआधी राम राम करा, बसा, विचारा. नाही म्हणाले तर कॅमेरा खाली ठेवा. हो म्हणाले तर फोटो छापून त्यांच्यापर्यंत पोचवायची सोय करूनच निघा. आपण दोन दिवस ज्या जमिनीवर हौसेने उभे राहतो, तिच्यावर ते वर्षातले सात-आठ महिने संसार करतात. रणाची ओळख त्यांच्याकडूनच करून घ्यावी, आणि पाय कुठे ठेवायचा हेही त्यांनाच विचारावं.