चूक मुलाची की पुस्तकाच्या भाषेची?

प्रश्न : होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र म्हणजे बालवैज्ञानिक स्पर्धा घेणारी संस्थाच ना? शिक्षकांसाठीही ते काम करतं असं ऐकलं. पण संशोधन संस्थेतल्या तज्ज्ञांना आमच्या वर्गातलं काय कळणार?
– एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा

उत्तर : बालवैज्ञानिक स्पर्धा मुंबईतल्या विज्ञान अध्यापकांचं मंडळ घेतं. स्पर्धेलाही होमी भाभांचंच नाव आहे, त्यामुळे हा घोटाळा पुष्कळांचा होतो. आपण म्हणता ते केंद्र मुंबईत मानखुर्दला आहे आणि ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे. या मूळ संस्थेला आज अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे.

आपली शंका रास्त आहे. वर्गात पाऊल न टाकता शिक्षकांना उपदेश करणारे तज्ज्ञ आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. या केंद्राची सुरुवात मात्र वेगळी झाली. 1974 मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने ते सुरू झालं, तेव्हा त्याचा संसार नाना चौकातल्या महापालिका शाळेत होता. मानखुर्दची इमारत 1992 मधली. संस्थापक संचालक व्ही. जी. कुलकर्णी मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी महापालिकेच्या शाळांत आणि जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरात शिक्षकांबरोबर काम केलं.

तिथे त्यांना जे दिसलं, ते मला फार मोलाचं वाटतं. मुलं विज्ञानात मागे पडत होती, आणि त्याचं एक मोठं कारण पुस्तकाची भाषा हे होतं. मराठी माध्यमातल्या मराठी मुलाला मराठी पुस्तक कळत नव्हतं! मजकूर सोप्या मराठीत मांडल्यावर मुलांचं आकलन सुधारलं. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी गंभीर यांनी 1981 मध्ये या भाषेच्या अडसरावर लिहिलंही.

बल, शक्ती, ऊर्जा हे शब्द घ्या. आपल्या बोलण्यात तिन्हींचा अर्थ जवळपास एकच. भौतिकशास्त्रात तिन्ही वेगळे. ‘कार्य’ तर त्याहून अवघड. भरलेली घागर डोक्यावर घेऊन आई नळाजवळ दहा मिनिटं ताटकळली, तिची मान भरून आली, तरी घागर हलली नाही म्हणून पुस्तक म्हणतं, घागरीवर झालेलं कार्य शून्य. मुलगा ‘आईने खूप कार्य केलं’ असं लिहितो आणि गुण गमावतो. पण त्याच्या उत्तरामागे विचार आहे. घरात तो शब्द त्याच अर्थाने वापरतात. हे ज्या शिक्षकाला दिसतं, तो व्याख्या पाठ करून घ्यायच्या आधी शब्दाचे दोन अर्थ फळ्यावर वेगळे करून दाखवील. माझ्या मते शिक्षक-प्रशिक्षणाचा गाभा हाच आहे.

आपल्याकडच्या प्रशिक्षणात नेमकं हेच निसटतं. 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यात ‘डाएट’, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, आल्या. ती व्यवस्था हवीच. पण राज्यावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून तालुक्याला, तिथून शाळांच्या समूह-केंद्राला असं प्रशिक्षण झिरपत येतं, तोवर हातात उरतात घटकसंच आणि हजेरीपत्रक. मुलाची चूक या वाटेने वर कधीच जात नाही. विद्यापीठीय संस्थेचा खरा उपयोग तिथे आहे: वर्गातली अडचण उचलायची, तपासायची आणि पुस्तक लिहिणाऱ्यांपर्यंत पोचवायची. त्यासाठी तज्ज्ञांनी वर्षानुवर्षं शाळेत यावं लागतं, एका कार्यशाळेने ते साधत नाही.

आपल्या समूह-केंद्रात शिक्षकांची शिक्षण परिषद होतच असेल. पुढच्या वेळी जाताना मुलांच्या चुकलेल्या चार-पाच उत्तरपत्रिका बरोबर न्या आणि ‘मुलाने असं का लिहिलं असेल?’ एवढ्या एका प्रश्नावर अर्धा तास मागून घ्या.