दूधपोळी आणि पिल्लाची हाडे

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतच्या दिवसांत गल्लीबोळांतून, बांधकामाच्या वाळूच्या ढिगांवर, बंद दुकानांच्या पायऱ्यांखाली कुत्र्यांची पिल्ले दिसू लागतात. मुलांचा हट्ट आणि आईचा विरोध यांची दोन-चार दिवस ओढाताण चालते आणि अखेर त्यांतले एखादे पिल्लू घरात येते. आल्याबरोबर त्याच्यापुढे एक बशी ठेवली जाते. बशीत काय असते, हे सांगायला नकोच. दुधात कुस्करलेली पोळी! पिल्लू मिटक्या मारीत ती फस्त करते, त्याचे पोट टम्म फुगते आणि घरातल्या सर्वांना समाधान वाटते.

पण विद्यार्थी मित्रांनो, ही बशी महिनोन्‌महिने तशीच चालू राहिली तर काय होते? कधीकधी असे दिसते की पिल्लू गुबगुबीत आहे, पण त्याचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकले आहेत, मनगटाचे सांधे जाड झाले आहेत आणि उडी मारताना ते केकाटते. पोट भरत असताना हाडे उपाशी राहतात ती अशी. हे का घडते, याचा शोध मोठा मनोरंजक आहे. त्या शोधाने पिल्लांपेक्षाही माणसांच्या मुलांवर अधिक उपकार केले आहेत.

प्रथम पिल्लाच्या वाढीचा वेग लक्षात घेऊ. माणसाच्या बाळाचे जन्माच्या वेळचे वजन दुप्पट व्हायला सुमारे पाच महिने लागतात, वासराला सुमारे दीड महिना. कुत्र्याचे पिल्लू हेच काम आठ-दहा दिवसांत उरकते! मध्यम आकाराच्या जातीचे पिल्लू सहा महिन्यांत पूर्ण वाढीच्या निम्म्याहून अधिक वजन गाठते. तेवढी मजल मारायला माणसाच्या मुलाला दहा-अकरा वर्षे लागतात. याच अवधीत पिल्लाचे २८ दुधाचे दात येतात, पडतात आणि त्यांच्या जागी ४२ कायमचे दात उभे राहतात. एवढ्या घाईच्या बांधकामाला माल वेळेवर आणि योग्य प्रमाणात पोचला पाहिजे, हे उघड आहे.

निसर्गाने पहिल्या महिन्यासाठी हा माल कुत्रीच्या दुधात भरून ठेवला आहे. कुत्रीच्या १०० ग्रॅम दुधात सुमारे ७.५ ग्रॅम प्रथिने, ९ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि ३.५ ग्रॅम दुग्धशर्करा असते. गायीच्या दुधात हेच आकडे सुमारे ३.३, ४ आणि ४.८ असे आहेत. एक ग्रॅम प्रथिनापासून किंवा शर्करेपासून ४ उष्मांक आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून ९ उष्मांक मिळतात, हे तुम्ही शिकला आहात. हिशेब करून पाहा. कुत्रीच्या १०० ग्रॅम दुधातून १२५ उष्मांक मिळतात, गायीच्या दुधातून अवघे ६८. म्हणजे आईच्या १०० ग्रॅम दुधाची बरोबरी करायला पिल्लाने गायीचे सुमारे १८५ ग्रॅम दूध प्यायला हवे. आणि तसे ते प्याले तर ३.५ ऐवजी जवळजवळ ९ ग्रॅम दुग्धशर्करा त्याच्या पोटात जाईल. ही शर्करा पचविणारे लॅक्टेज हे विकर त्याच्या आतड्यात बेताचेच असते आणि अंगावरचे दूध सुटू लागले की ते आणखी कमी होते. न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात जाते, तेथील जीवाणू ती आंबवितात, आतड्यात पाणी ओढले जाते आणि पिल्लाला हगवण लागते. "दूध बाधले" असे आपण म्हणतो ते हेच.

दूध जड पडते म्हणून त्यात पाणी घालण्याची पद्धत घरोघरी आहे. ती नेमकी उलटी आहे. आईच्या दुधाच्या मानाने गायीचे दूध आधीच पातळ, त्यात आणखी पाणी! म्हशीच्या दुधात स्निग्धांश अधिक असतो, पण शर्करा गायीच्या दुधाइतकीच असते. दह्यात काही शर्करा जीवाणूंनी आधीच संपविलेली असते, म्हणून चार-पाच आठवड्यांपुढच्या पिल्लाला दुधापेक्षा दही बरे सोसते. त्याहून लहान पिल्लाला आईपासून तोडूच नये. आई नसेलच, तर पिल्लांसाठीची तयार दूध-भुकटी पशुवैद्यांना विचारून वापरावी. आठ आठवडे होईपर्यंत पिल्लू आईजवळ असणे सर्वांत चांगले.

आता हाडांकडे वळू. त्यासाठी आपल्याला शंभराहून अधिक वर्षे मागे, पहिल्या महायुद्धाच्या काळातील लंडनला जावे लागेल.

त्या वेळी युरोपातील धुराने काळवंडलेल्या औद्योगिक शहरांत मुडदूस हा रोग घरोघर होता. मुलांचे पाय वाकत, छातीचा पिंजरा पुढे येई, डोके मोठे दिसे. कोणी म्हणे कोंदट हवा कारण, कोणी म्हणे व्यायामाचा अभाव, कोणी जंतूंना दोष देई. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन समितीने एडवर्ड मेलनबी या शरीरक्रियाशास्त्रज्ञाकडे हा प्रश्न सोपविला. मेलनबींनी प्रयोगासाठी कुत्र्याची पिल्ले निवडली. पिल्ले झपाट्याने वाढतात, त्यामुळे हाडांतील बिघाड काही महिन्यांतच दिसतो.

त्यांनी पिल्लांना काय खाऊ घातले? थोडे दूध, आणि पाव, तांदूळ किंवा ओट यांपैकी एखादे धान्य. आपल्या दूधपोळीची ही सख्खी बहीणच! काही महिन्यांत पिल्लांचे पाय वाकले, सांधे जाड झाले. हुबेहूब मुडदूस. मग त्यांनी एकेका गटाच्या अन्नात एकेक पदार्थ घालून पाहिला. जवसाच्या तेलाने काही उपयोग झाला नाही. लोण्याने थोडा झाला. कॉड माशाच्या यकृताचे तेल दिलेली पिल्ले मात्र ताठ पायांवर उभी राहिली. १९१८ आणि १९१९ साली मेलनबींनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांची पत्नी मे मेलनबी यांनी आहाराचा दातांवर काय परिणाम होतो याचा कुत्र्यांवरच अभ्यास केला.

तेलातला हा गुण 'अ' जीवनसत्त्वाचा असावा, असे मेलनबींना वाटले होते. अमेरिकेतील मॅककॉलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तेल तापवून त्यात हवा खेळविली. 'अ' जीवनसत्त्व नष्ट झाले, तरी तेल मुडदूस बरा करीतच राहिले! म्हणजे त्यात दुसरेच काही असले पाहिजे. १९२२ साली हे 'ड' जीवनसत्त्व म्हणून ओळखले गेले. कॅल्शियम आतड्यातून रक्तात उतरविण्याचे काम हेच जीवनसत्त्व करते. या शोधामुळे लक्षावधी मुलांचे पाय सरळ राहिले. त्यासाठी मुद्दाम वाकविलेल्या पायांची ती पिल्ले मात्र आपल्या आठवणीत नसतात. आज असे प्रयोग करण्यापूर्वी प्राण्यांच्या हिताचा विचार करणाऱ्या समितीची परवानगी घ्यावी लागते, हे योग्यच आहे.

मेलनबींच्या आणखी दोन निरीक्षणांकडे लक्ष द्या. जी पिल्ले अधिक वेगाने वाढत, त्यांना मुडदूस अधिक होई. आणि धान्यांपैकी ओट सर्वांत वाईट ठरले, जरी त्यात कॅल्शियम पांढऱ्या पावापेक्षा जास्त असले तरी! याचा उलगडा पुढे झाला. धान्याच्या कोंड्यात फायटिक आम्ल असते. ते कॅल्शियमला धरून ठेवते आणि आतड्यातून आत जाऊ देत नाही. आपली गव्हाची पोळी कोंड्यासकट असते. नाचणीत कॅल्शियम भरपूर, पण त्याबरोबर फायटिक आम्लही असते. म्हणून नाचणी खाऊ घातली की हाडांचे काम झाले, असे समजू नये.

"पण ऊन आहे ना!" असे कोणी म्हणेल. १९१९ सालीच बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याने मुलांचा मुडदूस बरा करून दाखविला होता, आणि आपल्या त्वचेत उन्हामुळे 'ड' जीवनसत्त्व तयार होते हे पाठ्यपुस्तकातही असते. ते माणसाच्या बाबतीत खरे आहे. कुत्र्याची गोष्ट निराळी. ज्या द्रव्यापासून हे जीवनसत्त्व बनते, ते कुत्र्याच्या त्वचेत फारच थोडे शिल्लक राहते. हॉलंडमधील उट्रेख्त येथील पशुवैद्यकांनी १९९४ साली हे दाखवून दिले. म्हणून पिल्लाला गच्चीवर उन्हात बसविण्याने त्याची हाडे बळकट होत नाहीत. त्याला हे जीवनसत्त्व अन्नातूनच मिळाले पाहिजे : अंड्याचा बलक, मासे, यकृत किंवा ज्यात ते मिसळलेले आहे असे तयार खाद्य.

आता आपल्या बशीचा हिशेब करू. दोन किलो वजनाच्या पिल्लाला दिवसाला सुमारे ३५० उष्मांक लागतात. वाढत्या पिल्लाला दर १००० उष्मांकांमागे ३ ग्रॅम कॅल्शियम असावे, असे पोषणतज्ज्ञ सांगतात. म्हणजे या पिल्लाला रोज एक ग्रॅमच्या थोडे वर. २०० ग्रॅम गायीचे दूध आणि ६० ग्रॅम कणकेच्या पोळ्या यांतून उष्मांक जवळजवळ पुरे पडतात. कॅल्शियम? दुधातून सुमारे ०.२४ ग्रॅम, पोळ्यांतून नाममात्र. गरजेच्या जेमतेम पाव हिस्सा! त्यातलेही काही फायटिक आम्ल अडवून धरणार.

मग पोळी बंद करून नुसते मांस द्यावे का? कुत्रा लांडग्याच्या कुळातला म्हणून हा सल्ला अनेकदा मिळतो. १०० ग्रॅम मांसात कॅल्शियम १० मिलिग्रॅमच्या आसपास, तर फॉस्फरस २०० मिलिग्रॅम असतो. हाडांना मात्र कॅल्शियम फॉस्फरसइतके किंवा त्याहून थोडे अधिक हवे असते. रक्तातील कॅल्शियम घटले की परावटू ग्रंथी जाग्या होतात आणि हाडांतून कॅल्शियम उपसू लागतात. नुसत्या मांसावर वाढविलेल्या पिल्लाचे हाड साध्या उडीनेही मोडू शकते. लांडगा नुसते मांस खात नाही, तो शिकारीची हाडे, यकृत, चरबी सगळे खातो, हे सल्ला देणारे विसरतात. शिवाय कुत्रा आता लांडगा राहिलेला नाही. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी २०१३ साली दाखविले की पिष्ट पचविणाऱ्या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात मात्र ४ ते ३०. माणसाच्या उकिरड्याजवळ हजारो वर्षे काढल्याचा हा परिणाम असावा. म्हणजे भात-पोळी कुत्र्याला पचते. दोष पोळीचा नाही, नुसत्या पोळीचा आहे.

कॅल्शियम कमी पडते म्हणून दुकानातून गोळ्या आणून भराभर द्याव्यात, तर तेही घातक. उट्रेख्त येथेच ग्रेट डेन जातीच्या पिल्लांना जादा कॅल्शियम देऊन पाहिले गेले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पिल्लांच्या हाडांची वाढ बिघडलेली आढळली. आपल्या आतड्याला नको असलेले कॅल्शियम बरेचसे नाकारता येते. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ते नीट साधत नाही; दिले तेवढ्यातले बरेचसे आत जाते. अंड्याच्या टरफलाची पूड स्वस्त आणि उत्तम, पण ५ ग्रॅम पुडीत जवळजवळ २ ग्रॅम कॅल्शियम असते. आपल्या दोन किलोच्या पिल्लाला कमी पडत होते ते सुमारे पाऊण ग्रॅम! तेव्हा चमच्याच्या अंदाजावर जाऊ नये. लॅब्राडॉर, अल्सेशियन, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींत तर मुळीच नाही.

घरच्या जेवणावर पिल्लू वाढवायचे असेल तर मऊ भात किंवा पोळी निम्म्याहून कमी ठेवावी. बाकी उकडलेले अंडे, हाडे काढलेली कोंबडी किंवा काटे काढलेला मासा, थोडे दही, उकडलेला भोपळा आणि चमचाभर तेल असावे. मीठमसाला नको. एवढे करूनही कॅल्शियम कमीच पडते. ते किती घालायचे, हे पिल्लाचे वजन पाहून पशुवैद्य सांगतील. माझ्या मते, ज्यांना रोज वजनकाटा काढण्याचा कंटाळा आहे आणि ज्यांच्या घरी मांसमासे चालत नाहीत, त्यांनी पिल्लांसाठीचे तयार खाद्यच घ्यावे, आणि त्यात वरून कॅल्शियम घालू नये. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा. पोट सतत टम्म आणि अंग मात्र रोड असेल तर अन्नापेक्षा जंतांचा संशय धरावा. हे जंत मुलांनाही होऊ शकतात, म्हणून औषध चुकवू नये. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे आणि बेदाणे पिल्लाला विषासमान आहेत. सणासुदीच्या ताटातले उरलेसुरले त्याच्यापुढे टाकताना हे ध्यानात ठेवावे.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. कोंबडीच्या तंगडीची दोन हाडे स्वच्छ धुऊन घ्या. एक बरणीत पाण्यात ठेवा, दुसरे व्हिनेगरमध्ये. दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदला. आठवड्याने दोन्ही हाडे वाकवून पाहा. व्हिनेगरमधले हाड रबरासारखे वाकेल, कारण ॲसेटिक आम्लाने त्यातील कॅल्शियमचे क्षार विरघळवून नेले आणि मागे फक्त प्रथिनाचा सांगाडा उरला. मुडदूस झालेल्या हाडात क्षार मुळात बसलेलेच नसतात. वाकण्याचे कारण एकच. प्रयोगातली हाडे पिल्लाच्या तोंडी लागू देऊ नका. शिजवलेले हाड तर कधीच नको, त्याच्या अणकुचीदार कपच्या होतात. उरलेल्या व्हिनेगरमध्ये अंड्याचे टरफल टाका. त्यावर लगेच बुडबुडे येतील. त्यांतला वायू कोणता, हे चुन्याच्या निवळीने तपासून पाहा.