बांधकामाची नाडी

बाजारात मडके घेताना आपल्या आया ते बोटाने वाजवून पाहतात. तडा डोळ्यांना दिसत नाही, पण आवाज बद्द येतो. मोठ्या बांधकामांची प्रकृती तपासण्याच्या आजच्या शास्त्राचे मूळही हेच. तडा गेला की ताठपणा कमी होतो आणि कंपने मंदावतात.

स्कॉटलंडजवळच्या समुद्रात २०१७ साली हायविंड हा तरंगत्या पवनचक्क्यांचा पहिला समूह सुरू झाला. पाच चक्क्या, एकूण ३० मेगावॅट. भर समुद्रात रोज माणूस कोण पाठविणार? म्हणून अशा चक्क्यांवर कंपन, झुकाव आणि ताण मोजणारी यंत्रे बसवितात. वारा आणि लाटा यांचा हिशेब वजा करून जो फरक उरतो, तो दुखण्याचा समजायचा.

जंगलातल्या आपल्या जिल्ह्यांना याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु सिरोंचा तालुक्याच्या सीमेवर, गोदावरीवर, तेलंगणाने २०१९ साली कार्यान्वित केलेले मेडिगड्डा बॅरेज आहे. त्याला ८५ दरवाजे आहेत. ते नदीच्या वाळूवर, काँक्रीटच्या जाड फरशीवर उभे आहे. या फरशीला इंजिनियर 'राफ्ट' म्हणतात, म्हणजे आपला तराफाच! २१ ऑक्टोबर २०२३ च्या संध्याकाळी मोठा आवाज झाला, सातव्या खंडातील खांब खचले आणि वरचा पूल वाकला. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या समितीच्या मते तराफ्याखालची वाळू झिरपणाऱ्या पाण्याबरोबर निघून गेली होती. २०१९ पासून तपासणी व देखभाल नीट झाली नाही, असेही तिने नोंदविले.

वास्तविक अशी वाळू बहुधा हळूहळू सरकते. फरशीखालच्या पाण्याचा दाब पिझोमीटर नावाच्या नळीत कळतो. खांबांवरील खुणांची पातळी वरचेवर मोजली, तर एखादा खांब शेजाऱ्यापेक्षा किती उतरला हे मिलिमीटरपर्यंत सांगता येते. यात हायविंडइतके अवघड काहीच नाही. धरण सुरक्षा कायदा, २०२१ याने पावसाळ्याआधी व नंतर तपासणी सक्तीची केलेली आहे.

आमची शेती नदीकाठची. घरात कॉलेजात आलेला मीच पहिला, म्हणून हे सारे बाबांना समजावून सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "नळीतलं पानी चढलं का उतरलं, हे आपल्याले कोन सांगते?" माझ्या पुस्तकांत याचे उत्तर नाही. नदी दोन राज्यांची, पण मोजमापाची वही एकाच काठावर. ते आकडे दर पंधरवड्यास सिरोंच्याच्या तहसील कचेरीत मराठी व तेलुगूत लावले जावेत, असे मला वाटते.