डोळ्यांवर हेडसेट, हाताखाली भूप

परदेशात पेटी शिकायची म्हटलं की अडचण पेटीची नसते, शिकवणाऱ्याची असते. पेटी भारतातून येताना आणता येते. गुरुजी मात्र तासाभराच्या ड्राइव्हवर, आणि तेही शनिवारीच मोकळे! मधले सहा दिवस मूल घरी एकटंच बसतं, कुठली पट्टी दाबायची ते विसरतं, आणि दोन महिन्यांत पेटीवर कपड्यांची चळत चढते. या सहा दिवसांसाठी ऑगमेंटेड रिॲलिटी कितपत कामाची, ते आम्ही इथे सांगणार आहोत. मंडळाच्या संगीत निधीतून असा एक संच घ्यायचा विचार आहे, तेव्हा देणगीदारांना ते कळायलाच हवं.

प्रकार असा. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला मेटा क्वेस्ट ३ सारखा हेडसेट चढवला की त्याच्या कॅमेऱ्यातून आपली खोली, आपले हात, समोरचा कीबोर्ड सगळं दिसतं. त्यावर पियानोव्हिजनसारखं ॲप रंगीत कांड्या सोडतं. कांडी ज्या पट्टीवर येऊन टेकेल ती दाबायची, आणि कांडी जेवढी लांब तेवढा वेळ धरून ठेवायची. कीबोर्ड मिडीने जोडला असेल तर चुकीची पट्टी लगेच कळते. आपल्या पेटीला ही सोय नाही, म्हणून सराव इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर करायचा.

ही ॲप्स पियानोवाल्यांसाठी बनलेली, त्यात आपले अलंकार कुठून असणार? पण स्वतःची मिडी फाइल चढवता येते. म्यूझस्कोर नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये स्वर लिहून ती तयार होते. उदाहरणार्थ भूप घ्या : सा रे ग प ध, मध्यम-निषाद वर्ज्य. पांढरी एक सा धरला तर बोटं पांढऱ्या एक, दोन, तीन, पाच, सहावर पडतात. सोपं! आता तोच भूप काळी एकमधून वाजवा : काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी चार, काळी पाच. हाताचा सगळा नकाशाच बदलला. गाणाऱ्याचा सा जिथे असेल तिथून वाजवता आलं नाही तर पेटीवाल्याला साथीला कोण बसवणार? म्यूझस्कोरमध्ये तीच ओळ दुसऱ्या स्वरावर सरकवायला मिनिटभर लागतं, आणि कांड्या नव्या जागी पडू लागतात. आम्हाला या यंत्राचा खरा फायदा इथेच दिसतो.

धोकाही तिथेच आहे. मूल कांड्यांच्या मागे धावतं आणि कान मिटून घेतं. कांड्या बंद केल्या की सा कुठे तेही सांगता येत नाही. म्हणून आम्ही सुचवतो ते असं : आधी ओळ सरगम म्हणत गायची, मग कांड्या बघून हळू लयीत तीनदा वाजवायची, मग हेडसेट काढून तीच ओळ तीनदा. अडली तर पुन्हा गायची, लगेच हेडसेट चढवायचा नाही. पंधरा मिनिटं पुरे. हे यंत्र अर्ध्या किलोहून थोडं जड आहे, मान अवघडते. आणि दहा वर्षांखालच्या मुलांना ते द्यायचं नाही, असं कंपनीच सांगते.

भाता मात्र यात अजिबात येत नाही. डाव्या हाताने हवा एकसारखी ठेवणं, सम जवळ आली की किंचित जोर देणं, हे कीबोर्डवर कसं कळणार? त्यासाठी रोज शेवटची दहा मिनिटं खऱ्या पेटीवर, नुसता सा धरून. (पेटीही मूळची परदेशीच बरं का. १८४२ साली पॅरिसमध्ये दबेन यांनी हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पायाचा भाता हाताशी आणून आपण ती आपली केली.)

म्हणून निधीतून एकच हेडसेट आणि एक कीबोर्ड घ्यावा, आणि तो महिन्या-महिन्याने वेगवेगळ्या घरी फिरवावा, असं आमचं मत आहे. उरलेले पैसे गुरुजींच्या येण्याजाण्याला आणि जादा तासांना ठेवावेत. हेडसेट घरी नेणाऱ्या पालकांनी शनिवारी वर्गाला येताना आठवड्याची ओळ मुलाकडून हेडसेटशिवाय वाजवून घेऊन यायचं. फाइल्स आम्ही करून देऊ, फक्त मुलाचा सा कुठला ते आधी कळवा.