नटवर्य शाहू मोडक

धानाची कापणी आटोपली, कीं आमच्या झाडीपट्टींत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या मंडळ्या गांवोगांवीं जातात, आणि दुसऱ्या दिवशीं वर्गांत पुष्कळ डोळे झोपेनें जड झालेले आम्हांस दिसतात. अशा वेळीं पालक विचारतात, "गुरुजी, नटाचा धंदा सभ्य म्हणावा काय?" कोणी ख्रिस्ती पालक आणखी विचारतो, "आमच्या मुलानें देवादिकांची भूमिका घ्यावी काय?" दोन्ही प्रश्नांस एका नटाचें चरित्र चांगलें उत्तर देतें.

शाहू मोडक यांचा जन्म २५ एप्रिल १९१८ रोजीं अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) येथें एका मराठी ख्रिस्ती कुटुंबांत झाला. १९३२ सालीं मराठी बोलपट नुकताच जन्मास आला होता. त्याच वर्षीं पुण्याच्या सरस्वती सिनेटोननें भालजी पेंढारकरांच्या दिग्दर्शनाखालीं 'श्यामसुंदर' काढला, आणि चौदा वर्षांच्या शाहूंस श्रीकृष्णाची भूमिका मिळाली. त्या काळीं नटास स्वतःच्याच गळ्यानें गावें लागे. सुंदर मुख असून भागत नसे. हा बोलपट मुंबईंत पंचवीस आठवडे चालला. पुढील वर्षीं 'औट घटकेचा राजा' या बोलपटांत त्यांनीं दुहेरी भूमिका केली.

१९३९ सालीं प्रभात कंपनीच्या 'माणूस' या बोलपटांत व्ही. शांताराम यांनीं त्यांस पोलीस शिपाई गणपत केलें. समाजानें लाथाडलेल्या मैनेस माणूस म्हणून वागविणारा हा शिपाई आहे. दुःख कितीही मोठें असलें तरी जगणें सोडूं नये, असा त्या कथेचा बोध आहे. लगेच १९४० सालीं ते 'संत ज्ञानेश्वर' झाले. येथें एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी. या बोलपटाचे दिग्दर्शक विष्णुपंत दामले हिंदु, त्यांचे सहकारी शेख फत्तेलाल मुसलमान, आणि ज्ञानेश्वर झालेला नट ख्रिस्ती! तरीही महाराष्ट्रानें तो बोलपट आपला मानला. पुढें १९४२ च्या 'भरत मिलाप' मध्यें मोडक भरत झाले, आणि श्रीकृष्ण तर ते सुमारें तीस बोलपटांत झाले. ११ मे १९९३ रोजीं त्यांचें निधन झालें.

आतां पालकांच्या प्रश्नांकडे वळूं. शेजाऱ्यास जें पूज्य, तें आदरानें साकार करणें यांत आपल्या श्रद्धेस उणेपणा येतो, असें आम्हांस वाटत नाहीं. उणेपणा येतो तो थट्टेनें व अनास्थेनें. धंद्याच्या सभ्यतेविषयीं म्हणाल, तर आपल्याच गडचिरोली जिल्ह्यांतील झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री जाहीर झाली. रुपयांच्या दृष्टांतांतील ज्या चाकरानें धन्याचें धन पुरून ठेविलें, त्यासच धन्यानें दोष दिला, हें आपण सर्व जाणतों.

मात्र विद्यार्थिमित्रहो, रात्रभर नाटक पाहणें म्हणजे नट होणें नव्हे. स्पष्ट वाणी, तयार गळा व पाठांतर यांवांचून रंगभूमि कोणास उभें करीत नाहीं. आणि या तिहींचा आरंभ शाळेच्या बाकावरच होतो.