हृदयाच्या भिंतीतले छिद्र

पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर एक तक्रार मी वारंवार ऐकते. बाळ दूध ओढते, पण लगेच दमते, कपाळाला घाम येतो. कोणी दृष्ट म्हणते, कोणी आईने ग्रहण पाळले नाही म्हणते. योहान 9 मध्ये शिष्यांनी प्रभूला विचारलेला प्रश्न आजही आईलाच विचारला जातो.

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधली भिंत गर्भात पहिल्या दोन महिन्यांच्या सुमारास पुरी होते. ती कोठे अपुरी राहिली की छिद्र राहते. डॉक्टर त्याला व्हीएसडी म्हणतात. डाव्या कप्प्याचा जोर मोठा, म्हणून शुद्ध रक्त उजवीकडे शिरून पुन्हा फुप्फुसांत जाते. छिद्र मोठे असेल तर बाळाला धाप लागते, न्यूमोनिया वरचेवर होतो, वजन वाढत नाही. आपल्याकडे असे मूल सहज कुपोषित म्हणून नोंदले जाते, आणि नुसता आहार देऊन ते सुधारत नाही.

जन्मल्याबरोबर हा दोष कळतोच असे नाही. फुप्फुसांतला दाब उतरल्यावर, काही आठवड्यांनी, छातीत आवाज येऊ लागतो. नळीच्या तोंडावर बोट धरले की पाणी जोराने उडते. तसे लहान छिद्र जास्त वाजते. अशी पुष्कळ छिद्रे आपोआप बुजतात. मोठ्याचे मात्र तसे नाही. वर्षे गेली की फुप्फुसांतला दाब इतका चढतो की रक्त उलटे वाहते, ओठ निळे पडतात. मग छिद्र बुजवण्याची वेळ निघून गेलेली असते.

26 मार्च 1954 रोजी अमेरिकेत मिनेसोटा येथे डॉ. लिलेहाय यांनी असे छिद्र प्रथम शिवले. यंत्राच्या जागी बाळाच्या वडिलांचे हृदय व फुप्फुसे दोघांसाठी चालली. ते बाळ पुढे थोड्याच दिवसांत न्यूमोनियाने गेले, पण वाट उघडली. (पाळकसाहेबांना यात उपदेश सापडेल, मी पुढे जाते.)

आपल्याकडे 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुले तपासते. शंका आली तर पुढे पाठवते. इको तपासणीत छिद्र दिसते. शस्त्रक्रियेसाठी सरकारी योजना आहेत. पण दिवाळीनंतर पाडेच्या पाडे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांत कामाला उतरतात आणि तपासणीच्या दिवशी मूल गावात नसते. ज्या सभासदांचे मळे आहेत त्यांना माझी विनंती आहे : मजुराचे मूल दूध पिताना घामाघूम होत असेल तर आईला त्या दिवसाची मजुरी देऊन नाशिकला जिल्हा रुग्णालयात पाठवा.