कधीच न भरणारी जागा

वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींच्या पानावर काही मजकूर वर्षानुवर्षं ठाण मांडून असतात. घरबसल्या पेन्सिल पॅकिंग करा, महिना तीस हजार, माल घरपोच, शिक्षणाची अट नाही. खाली ना कंपनीचं नाव, ना पत्ता, नुसता मोबाइल नंबर. शेजारीच या जाहिरातीचं भावंड असतं: शेतात किंवा गच्चीवर मोबाइल टॉवर बसवा, लाखांत अ‍ॅडव्हान्स, दरमहा भाडं आणि घरातल्या एकाला कायम नोकरी. या जाहिरातींबद्दल लोक मोठ्या रंगात येऊन तर्क लढवतात. कोणी म्हणतं, यातून काळा पैसा फिरवतात. कोणी म्हणतं, पान भरायला वर्तमानपत्रवालेच टाकतात. कोणाला त्यात सांकेतिक निरोप दिसतात. माझ्याबाबतीत काय घडलं ते मी इथे उगाळणार नाही. ते तक्रार अर्जात लिहून दिलेलं आहे आणि अर्ज कुठल्या तरी टेबलावर पडून आहे. पण तर्कांची ही करमणूक आता मला सहन होत नाही, कारण उत्तर त्याच पानावर छापलेलं असतं. जागा भरली की नोकरीची जाहिरात थांबते. जी वर्षभर थांबत नाही आणि नाव-पत्ताही सांगत नाही, तिच्यामागे भरायची जागाच नसते.

गूढाची चटक आपल्याला गोष्टींनी लावली आहे. कॉनन डॉइलची १८९१ सालची शेरलॉक होम्सची एक कथा अशाच चमत्कारिक जाहिरातीवर उभी आहे. लाल केसांच्या माणसाला ज्ञानकोश हातानं उतरवून काढायचं काम मिळतं, आठवड्याला चार पौंड पगारावर. त्यामागे मोठा कट असतो हे खरं, पण त्या चोरांनी पगार आठवड्याच्या आठवड्याला चुकता केला होता! आपल्याकडच्या जाहिरातवाल्यांचा तेवढाही खर्च नाही. त्यांचा खर्च एकच, जाहिरातीचा. छोटी जाहिरात शब्दांच्या किंवा ओळींच्या दरानं घेतात. ती रोज छापायची तर महिन्याचं बिल होतं आणि ते कुठून तरी वसूल व्हावं लागतं. खऱ्या मालकाला दोन-चार दिवसांत अर्जांचा ढीग मिळतो आणि तो थांबतो. जो थांबत नाही, त्याचं उत्पन्न अर्ज करणाऱ्यांकडूनच येतं.

पेन्सिलींचा हिशेब तर शाळकरी पोरही करील. दहा पेन्सिलींचा खोका दुकानात पन्नास-साठ रुपयांना मिळतो. त्यात लाकूड, शिसं, रंग, छपाई, वाहतूक आणि विक्रेत्यांचा नफा आला. तरीही खोक्यामागे पॅकिंगचा एक रुपया धरू. तीस हजार मिळवायला महिन्याला तीस हजार खोके भरावे लागतील, म्हणजे रोज दहा हजार पेन्सिली घरात येणार आणि घरातून परत जाणार. टेम्पोचं भाडंच मजुरी खाऊन टाकील. नटराज पेन्सिलीचं नाव या जाहिरातींत सर्रास वापरलं जातं; ती बनवणाऱ्या कंपनीनं आपण असं घरबसल्या काम देत नाही, हे जाहीर केलेलं आहे. टॉवरचंही तसंच. टॉवर कुठे उभारायचा हे कंपन्या नेटवर्कच्या गरजेवरून ठरवतात. दूरसंचार नियामक ट्राय आणि दूरसंचार विभाग यांनी वारंवार सांगितलं आहे की जागा भाड्यानं घेण्याशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण ना-हरकत प्रमाणपत्रही देत नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा पहिला कागद नेमका तोच असतो, गोल शिक्क्यासह.

फोनच्या पलीकडच्या माणसाच्या वागण्याबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण खूण तिथे पटते. तो सुरुवातीला घाई करत नाही. ताई, दादा, काका म्हणतो, गाव विचारतो, मुलं काय शिकतात ते विचारतो. विचारत नाही ते एवढंच, की तुम्हाला काम येतं का. माणूस कामाला ठेवणारा आधी कामाबद्दल विचारतो. हा तुमच्याकडे गुगल पे आहे का ते विचारतो. आधी नोंदणी फी, मग ओळखपत्र, मग मालाची अनामत, मग 'टेम्पो नाक्यावर अडकलाय, जीएसटी भरा, पहिल्या पगारात परत मिळेल.' प्रत्येक रक्कम आधीच्यापेक्षा थोडी मोठी आणि आधीची वाचवण्यासाठी भरायची. शंका काढली की सूर बदलतो: 'विश्वास नसेल तर राहू द्या, वेटिंगला शंभर जण आहेत.' शंभर जण थांबलेत, तर उद्याच्या अंकात जाहिरात कशाला, हा प्रश्न त्या क्षणी पडायला हवा. पैसे परत मागितले तर फाइल रद्द करण्याचीही फी असते! डेटा एण्ट्रीच्या जाहिरातींत याहून निगरगट्ट प्रकार चालतो. करारावर सही घेतात, काम मुद्दाम 'अचूकता कमी' म्हणून नापास करतात आणि मग वकिलाच्या नावानं नोटीस धाडून नुकसानभरपाई मागतात. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते; वाजवी भरपाई किती, हे न्यायालय ठरवतं. समन्स न्यायालयाकडून येतं, कुणा 'अ‍ॅडव्होकेट साहेबां'च्या फोनवरून नाही. या फोनला घाबरून लोक दुसऱ्यांदा पैसे भरतात, हे मला सगळ्यांत संतापजनक वाटतं.

यावर म्हणतात की बारमाही जाहिराती प्रामाणिकही असतात. असतात. विमा एजंट, सुरक्षारक्षक, हॉटेलातले वेटर यांच्या जाहिराती सदैव चालू असतात, कारण तिथे माणसं टिकत नाहीत. पण त्या जाहिरातीत ऑफिसचा पत्ता असतो, 'समक्ष भेटा' असतं आणि पगार मनाला लागेल इतका कमी असतो. विमा एजंटाला परीक्षा द्यावी लागते, सुरक्षा एजन्सीला २००५ च्या कायद्याखाली परवाना लागतो. गणवेशाचे पैसे कापतात ही तक्रार रास्त आहे. तरी तिथे ड्यूटी असते आणि पगाराची तारीखही असते.

दुसरा आक्षेप असा, की खोटी असती तर वर्तमानपत्रानं छापली कशाला असती? हा विश्वासच तर विकला जातो. पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 'वाचकांनी खातरजमा करावी' असं छापलं की वर्तमानपत्र मोकळं. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत मात्र जाहिरातींसह सगळ्या मजकुराची जबाबदारी संपादकावर ठेवली आहे, ती नाकारायची तर आधी स्पष्ट सांगून नाकारावी लागते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीच्या प्रकाशकाला दंडाची तरतूद आहे. पण जाहिरात नेहमीच्या व्यवहारात छापली, असं दाखवलं की सुटका होते. एखाद्या वेळी ठीक आहे. तोच मजकूर दर महिन्याला नव्या नंबरासह येतो, तेव्हा बिल फाडणाऱ्याला काहीच दिसत नसेल, हे मला पटत नाही.

आणि तिसरा आक्षेप, जो सांत्वनाच्या सुरात केला जातो: हाव धरली म्हणून फसले, शिकलेला माणूस असा फसत नाही. २०२२ मध्ये तमिळनाडूतल्या २८ जणांना रेल्वेतल्या नोकरीचं प्रशिक्षण म्हणून नवी दिल्ली स्टेशनवर रोज आठ तास येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि डबे मोजायला बसवलं होतं. त्यांच्याकडून एकूण २ कोटी ६७ लाख रुपये उकळल्याची तक्रार झाली. त्यांतले बहुतेक जण अभियांत्रिकी किंवा तांत्रिक शिक्षण घेतलेले होते. तिथे जाहिरात नव्हती, ओळखीतला माणूस होता. पैसे देऊन नोकरी, हा व्यवहार तोच. त्यांनी मागितली ती नोकरी होती. नोकरी मागण्याला हाव म्हणणाऱ्यांचा पगार बहुधा दर महिन्याला वेळेवर जमा होत असावा.

फोन करण्याआधी घरातली रद्दी उपसा. रद्दी गेली असेल तर सार्वजनिक वाचनालयातली जुन्या अंकांची फाइल मागा. तोच मजकूर, वेगळा नंबर दिसला की विषय संपला. आखाती देशातली नोकरी असेल तर एजंटचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावरच्या यादीत पाहा. त्याला घेता येणाऱ्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच आहे. घरच्यांना विचारा, लोभाला बळी पडू नका वगैरे सगळे सांगतातच, तेही करा. पैसे गेले असतील तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. पोलीस ठाण्यात 'हे दिवाणी प्रकरण आहे' असं म्हणून परत पाठवलं तर लेखी तक्रार टपालानं पोलीस अधीक्षकांकडे धाडा, शहरात असाल तर आयुक्तांकडे. जाहिरातीचं नुसतं कात्रण कापून ठेवू नका. छोट्या जाहिराती आवृत्तीनुसार बदलतात, म्हणून नाव, तारीख आणि आवृत्ती दिसेल असं अख्खं पान ठेवा. जाहिरात कोणी दिली हे वर्तमानपत्र तुम्हाला सांगणार नाही. ते पोलिसांना विचारायला लावा. संपादकाला पत्र मात्र जरूर लिहा आणि पोच घ्या. उत्तर येईलच असं नाही, पण प्रेस कौन्सिलकडे जाण्याआधी संपादकाला कळवलेलं असावं लागतं. दैनिकाबाबत तक्रारीची मुदत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांची आहे, आणि ही जाहिरात उद्याच्या अंकातही असणार आहे, तेव्हा मुदत टळण्याची भीती बाळगू नका.